हिरव्या दस्त्याची रायफल

४ फेब्रुवारी, रविवार

प्रिय टुर्डिस,

"तू बघितलीस ना, मग मी कशाला बघू?"

हे तू ओलाउगच्या स्वयंपाकघरात म्हणाली होतीस, अकरा वर्षांपूर्वी, हातात कॉफीचा कप धरून. तुला आठवणार नाही. तू ते इतकं सहज म्हणालीस की त्यानंतर लगेच ओलाउगला बिस्किटं कशी केली ते विचारायला लागलीस.

गेल्या मंगळवारी जवळजवळ तेच वाक्य मी पुन्हा ऐकलं, म्हणून हे पत्र. रेनाटा नावाची बाई आहे, वृद्धाश्रमात काम करते, पोलंडहून आलेली. दोन हिवाळे आपल्या नेमबाजी क्लबच्या रायफलीवर सराव केला, आता तिला स्वतःची हवी आहे. सहाशे मीटरवर मारता येईल अशी, आणि हाताशी बारा हजार क्रोनर. क्लबमध्ये हल्ली कुणालाही रायफल घ्यायची असली की आस्लाक त्याला माझ्याकडे पाठवतो. तुला हसू येईल, पण क्लबचे हे अध्यक्षमहाशय म्हणतात, "इंगुनने पास केली म्हणजे सरकारी शिक्का."

मी तिला नेहमीचंच सांगितलं. दस्त्यावर पैसे घालू नकोस, देखणं लाकूड गोळीला काही सांगत नाही. आधी नळी बघ, मग चाप, मग नेम धरायची माशी. दुसऱ्याने वापरलेली चालेल, पण तिच्यातून किती गोळ्या गेल्यात ते विचार, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, नळीत बघ. थोडे पैसे काडतुसांसाठी राख, कारण सराव नसेल तर महागडी रायफल म्हणजे कपाटातली शोभा. तिने सगळं वहीत लिहून घेतलं, वही मिटली आणि म्हणाली, "मला यातलं काही कळणार नाही. तूच बघ. तू म्हणशील ती मी डोळे झाकून घेते."

मी शेगडीत लाकूड घालायच्या निमित्ताने उठले. शेगडीत लाकूड भरपूर होतं.

तुझं कसं चाललंय? तिकडे उत्तरेत तुझ्या बेटावर डोंगराआडून अजून सूर्य वर आला नसेल, नाहीतर नुकताच डोकावला असेल. इकडे नदी अजून गोठलेली आहे. क्लबच्या छपरावरचा बर्फ परवा आम्ही सहा जणांनी उतरवला आणि आस्लाकने सत्तराव्या वर्षी शिडीवर चढून सगळ्यांना शिव्या दिल्या.

ती ओलाउगकडून घेतलेली, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल अजून आहे का तुझ्याकडे? कधी बाहेर काढतेस का? सहज विचारलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुझी,
इंगुन


२५ फेब्रुवारी, रविवार

प्रिय टुर्डिस,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चारच ओळी, पण मी त्या उभ्याने वाचल्या, बसून वाचल्या आणि मग कार्ड भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवलं.

"रायफल विकली, भंगारच्या भावात. रायफलीचा दोष नव्हता, माझाच हात गेला, डोळेही. आता मी मासे सोलते, त्याला नेम लागत नाही. आस्लाकला सांग, मी अजून जिवंत आहे."

आस्लाकला सांगितलं. तो म्हणाला, "तिने कळवायची काय गरज? ती मेली असती तर पेन्शनवाल्यांनी कळवलंच असतं." मग निघताना म्हणाला, "टुर्डिससारखा वारा वाचणारं माणूस या खोऱ्यात झालं नाही."

तुझा हात गेला नव्हता, टुर्डिस. हेच लिहायला बसले आहे.

मला वाटतं, त्या दिवशी मी नळी नीट बघितली नाही. ओलाउगच्या स्वयंपाकघरात उजेड कमी होता. टेबलावरच्या मेणकापडावर तिच्या नवऱ्याच्या, हालवोरच्या दोन्ही रायफली विकायला ठेवल्या होत्या, तो जाऊन तीनच महिने झाले होते, आणि ती बिचारी आपल्याला पुन्हापुन्हा कॉफी ओतत होती. अशा वेळी माणूस घाईत असतं. मी बॅटरी मारली, वरवर बघितलं आणि सांगून टाकलं. अक्रोडाच्या रायफलीची नळी झिजलेली असणार. माझ्या लक्षात आलं नसावं.

म्हणून सांगते, तुझ्या गोळ्या विखुरल्या त्यात तुझा दोष नव्हता. पहिल्या तीन गोळ्या तुझ्या नेहमी मधोमध लागायच्या, आठवतं? नळी तापली की मग चौथी कुठे, पाचवी कुठे. हात असा तापून बिघडत नाही.

माझं चुकलं. घाई झाली. माफ कर.

तुझी,
इंगुन


३१ मार्च, ईस्टरचा रविवार

प्रिय टुर्डिस,

मागच्या पत्रात मी तुला 'माफ कर' असं लिहिलं आणि त्याच पत्रात खोटं लिहिलं. पाकीट पेटीत टाकलं तेव्हाच मला ते माहीत होतं. पेटीपाशी उभी राहून मी विचार केला की एवढंही पुरेल, तुझा हात तुला परत मिळेल आणि मला फारसं काही द्यावं लागणार नाही. पंधरा दिवस मी अगदी मोकळी होते. मग एका सकाळी ओट्यापाशी संत्रं सोलता सोलता मला माझीच किळस आली.

ओलाउगच्या स्वयंपाकघरात उजेड भरपूर होता. एप्रिलमधली दुपार होती, बाहेर बर्फ, खिडकीतून डोळे दिपतील असा प्रकाश. मी दोन्ही रायफलींच्या नळीमागचे बोल्ट काढले, एकेक नळी खिडकीकडे धरली आणि दोन्ही बघितल्या. सावकाश. मला इतकं स्पष्ट दिसलं की आजही डोळे मिटले तर दिसतं.

अक्रोडाच्या रायफलीत, काडतूस जिथे बसतं त्याच्या थोडं पुढे, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या. जळून गेलेली नळी. हालवोरने तिच्यातून पाच-सहा हजार गोळ्या तरी झाडल्या असतील. आणि दुसरी, तो हिरवा रंग फासलेला, टवके उडालेला दस्ता, गालाशी चिकटपट्टी गुंडाळलेली, जिला बघून तू म्हणालीस, "हिला काय शेण उचलायला वापरत होता का हालवोर?" तिची नळी आरशासारखी होती. त्याने मरायच्या आधीच्या वसंतात ती नवीन बसवून घेतली होती. जेमतेम तीनशे गोळ्या गेल्या असतील. ओलाउगला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने दिसण्यावरून किंमत लावली होती, देखणीचे चौदा हजार आणि हिरवीचे आठ.

तुझ्याकडे आठच होते.

तू मला विचारलंस, "हिरवी चालेल का गं? कुरूप आहे, पण मी काय तिच्याशी लग्न करणार आहे?"

आणि मी म्हणाले, "तिची नळी गेली आहे. पैसे पाण्यात जातील. अक्रोडाची घे."

तू म्हणालीस, "तू बघितलीस ना, मग मी कशाला बघू?"

त्या क्षणी मी अजून तोंड उघडू शकत होते. तू बिस्किटांची चौकशी करत होतीस, ओलाउग लोणी किती ते सांगत होती, आणि मी नळी पुसत होते. जवळजवळ पाच मिनिटं मी ती नळी पुसली.

का केलं ते विचारशील तर उत्तर अगदी छोटं आहे. त्या शरद ऋतूत जिल्ह्याच्या संघात आपल्या खोऱ्यातून एकच बाई जाणार होती. तू क्लबच्या झिजलेल्या रायफलीने माझ्याहून चांगलं मारत होतीस. चांगली रायफल तुझ्या हातात आली असती तर मी पुन्हा कधीच तुझ्या पुढे गेले नसते. लहानपणापासून स्कीवर तू पुढे, गाण्यात तू पुढे, आणि तुला कधी त्याचं काही वाटलं नाही. तू मागे वळून म्हणायचीस, "चल गं, थांबलेय मी." त्या 'थांबलेय मी'चा मला राग होता. हे कारण आहे, सबब नाही. सबब असती तर बरं झालं असतं.

बाकीचे सहा हजार तू कुठून आणलेस ते मला माहीत आहे. सतरा मेच्या, राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत तू आईचा चांदीचा ब्रोच न लावता आलीस. पारंपरिक पोशाखावर, जिथे तो असायचा तिथे तू बर्चच्या पानांची एक छोटी जुडी टाचली होतीस. सगळ्या बायकांनी बघितलं. कुणी विचारलं तर तू हसून सांगत होतीस, "चांदी काळी पडली, पॉलिशला दिलीय." मी तुझ्या शेजारून झेंडा घेऊन चालत होते.

अजून आहे. थांब, सगळं लिहिते.

जूनमध्ये मी ओलाउगला फोन केला आणि ती हिरवी रायफल घेतली. तू ओळखू नयेस म्हणून दस्ता बदलला, काळा घातला. तुला सांगितलं की शहरातून घेतली. तू ती हातात घेऊन तोलून बघितलीस आणि म्हणालीस, "छान बसते गं खांद्याला. नशीबवान आहेस."

त्यानंतर दोन वर्षं तू स्वतःला दुरुस्त करत राहिलीस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस. गोठ्यात गाई धारेला लागल्या की भिंतीला टेकून श्वास धरायचा सराव करायचीस. कॉफी सोडलीस. तू, कॉफी. कुणीतरी म्हणालं, एकदा नळी तपासून घे, तर तू म्हणालीस, "इंगुनने बघितली आहे." आणि सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मी मान डोलवायचे. एकदा नाही, टुर्डिस. मी मोजलेलं नाही, पण एकदा नाही.

आणि मग ती खोऱ्याची स्पर्धा. मी जिंकले. आपल्याकडे जिंकलेल्याला क्लबच्या दोघांनी हातांच्या खुर्चीवर बसवून मैदानाला फेरी मारायची, आणि आस्लाकने विचारलं, "कोण उचलणार हिला?" तेव्हा तू पुढे आलीस. तू त्या दिवशी शेवटून दुसरी आली होतीस. तू आस्लाकची मनगटं धरलीस, त्याने तुझी, आणि मी तुमच्या हातांवर बसले. तुझी बोटं माझ्या मांडीखाली थरथरत होती, वजनाने. उतरवताना तू म्हणालीस, "जड झालीस गं बये, कप भरून घेऊन बसलीस का?" आणि सगळे हसले, मीही.

पुढच्या वसंतात तू क्लब सोडलास. मग गाई विकल्यास, मग उत्तरेला गेलीस. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण स्टेशनवर तू मला म्हणालीस, "एक गोष्ट होती जी मला नक्की येते असं वाटायचं." तेवढंच बोललीस आणि बॅग चढवायला वळलीस.

ती गोष्ट तुला येत होती. मी जाणूनबुजून तुझ्याकडून काढून घेतली.

मी तुला या पत्रात काही मागत नाही.

इंगुन


१९ मे, रविवार

टुर्डिस,

तुझं उत्तर आलं नाही, आणि यायला हवं असं मी म्हणणार नाही. पण गेल्या आठवड्यात मी फोन केला. तू 'हॅलो' म्हणालीस. मी माझं नाव सांगितलं. मागे रेडिओ चालू होता. तू मागे कुणाला तरी म्हणालीस, "काही नाही, चुकीचा नंबर." तुझा आवाज अगदी शांत होता. ते बरोबरच होतं. मी पुन्हा फोन करणार नाही.

हे शेवटचं पत्र आहे. मी काय काय केलं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

क्लबच्या वसंत सभेत मी उठून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लोक ओरडतील. कुणीच ओरडलं नाही. कुणीतरी वॅफल्सची ताटली पुढे सरकवली, ती माझ्यापर्यंत आली आणि मी एक उचललं, कारण न उचलणं जास्त विचित्र वाटलं असतं. रेनाटा माझ्या समोर बसली होती. तिने वही उघडली, काहीही लिहिलं नाही, आणि मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आस्लाक आला. बूट न काढता दारात उभा राहिला. म्हणाला, "रायफल घ्यायच्या अर्जावर क्लबच्या अध्यक्षाची सही लागते. तुझ्या अर्जावर विकणाऱ्याचं नाव ओलाउग होतं. सही मीच केली."

मी विचारलं, "मग तुला माहीत होतं?"

"हालवोरने नवी नळी घातली तेव्हा मीच त्याच्याबरोबर कारागिराकडे गेलो होतो. तुझी रायफल कुठली आणि टुर्डिसची कुठली, ते मला पहिल्या दिवशीच कळलं."

"बोलला का नाहीस?"

तो अंगणातल्या बर्फाच्या उरलेल्या ढिगाकडे बघत होता. "वीस वर्षं आपल्या क्लबकडे एकही कप नव्हता," म्हणाला. "आणि मला वाटलं, तू सांगशील. एक वर्ष वाटलं. मग मलाच लाज वाटायला लागली विचारायची." जायला वळत म्हणाला, "तुला उचलायला मी तिला बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली. पण मी नको म्हणू शकत होतो."

हे मी तुला त्याच्या परवानगीने लिहीत आहे. माझं ओझं हलकं करायला नव्हे. तुझ्या विश्वासाला एकाऐवजी दोन माणसांनी तडा दिला, हे तुला माहीत असावं म्हणून.

रेनाटा परवा पुन्हा आली. मला वाटलं, तिला माझं तोंडही बघायचं नसेल. तिने एक जुनी रायफल बरोबर आणली होती, शेजारच्या खोऱ्यातल्या कुणाचीशी. मी तिला बोल्ट काढायला शिकवलं, नळी खिडकीकडे धरायला शिकवलं, आणि बाजूला झाले. ती दहा मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "इथे भेगा आहेत." मी बघितलं नाही. मी म्हटलं, "मग नको घेऊस." तिने ती परत केली.

ब्रोच मी शोधला. चांदीवाल्याने जुन्या वह्या काढल्या, पण अकरा वर्षांत तो कुठल्या कुठे गेला. तो मी तुला परत देऊ शकत नाही.

रायफल देऊ शकते. मी ती सहा वर्षं वापरली, तिची नळीही मी संपवली. आता नवीन बसवून घेतली आहे. कारागिराने तपासायला पाच गोळ्या झाडल्या, तो कागद सोबत आहे, पाचही भोकं एका अंगठ्याखाली झाकली जातात. मी तिच्यातून एकही झाडलेली नाही. काळा दस्ता मी काढला. हिरवा मी कधी फेकला नव्हता, लाकडाच्या खोपटात सरपणामागे उभा होता इतकी वर्षं, का ते मला सांगता येत नाही. तो परत घातला. टवके तसेच आहेत, चिकटपट्टीही तीच. तू ओळखशील.

तुझ्या गावापासून फेरीबोटीने चाळीस मिनिटांवर बंदुकांचं दुकान आहे, त्यांच्यामार्फत मी ती पाठवली आहे. तुझ्या नावाने ठेवली आहे. पोलिसांचा अर्ज मी माझ्या बाजूने भरून दिला आहे, तुझी सही बाकी आहे. ती केलीस तर रायफल तुझी. नाही केलीस तर दुकानदार शरद ऋतूपर्यंत ठेवेल आणि मग एखाद्या नवख्या माणसाला देऊन टाकेल, तसं मी त्याला सांगून ठेवलं आहे. माझ्याकडे ती परत यायची नाही.

तू जाणार नाहीस. मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर फेरीचं वेळापत्रकही बघितलं नसतं. तू म्हणशील, अकरा वर्षांनी तिचं काय करू, मासे मारू? आणि माझ्या हातून आलेली वस्तू तू घरात का ठेवावीस?

सही नको करूस. ती मी मागत नाही. फक्त एकदा जा, दुपारच्या उजेडात. त्याला सांग, बोल्ट काढून दे. नळी खिडकीकडे धर आणि मी काय म्हणते ते विसरून, यावेळी तू स्वतः बघ.

इंगुन